पान एकतीस

कानामागून आली आणि तिखट झाली. ही म्हण गेले आठ महिने मी रोज सकाळी मनातल्या मनात म्हणत होतो, अवंतिका मॅडमची स्कूटर संघाच्या गेटातून आत आली की. गेटवरचा वॉचमन मला एकोणीस वर्षं ओळखतो. मी आलो की तो नुसती मान हलवतो आणि ती आली की उठून उभा राहतो. हे मी पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवलं होतं. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

मी नृसिंह. कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. संघाच्या सभासदांच्या प्रत्येक गाई-म्हशीच्या कानात बिल्ला असतो, बिल्ल्यावर नंबर असतो. कुठली म्हैस कधी व्याली, तिला काय आजार झाला, कुणी कुठलं औषध दिलं, हे सगळं त्या नंबराखाली आमच्या डेटाबेसमध्ये असतं. गावोगाव फिरणारे डॉक्टर मोबाइलवर नंबर टाकतात, जनावराचा इतिहास बघतात आणि मगच सुई काढतात. ही यंत्रणा मी लिहिली. एकट्याने लिहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

आणि २०१९च्या पुरात ती वाचवलीही मीच. पाणी तळमजल्याच्या पायऱ्या चढायला लागलं तेव्हा सर्व्हर उपसून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून मी ट्रॅक्टरपर्यंत नेला. त्याबद्दल मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. तो फोटो अध्यक्षांच्या खोलीबाहेर अजून लावलेला आहे. नव्या माणसाला मी तिथूनच नेत असे, मुद्दाम.

अवंतिका इचलकरंजीची. वडलांचे माग. सहा वर्षं पुण्याच्या कंपनीत काढून ती परत आली आणि आली तीच एक योजना घेऊन. पुन्हा पूर आला तर कुणाला काही उचलावं लागू नये म्हणून कागलच्या शीतकरण केंद्रात, उंचावर, दुसरा सर्व्हर बसवायचा. स्टँडबाय. कोल्हापूरच्या मुख्य सर्व्हरवर जे काही घडतं ते आधी लॉगच्या फायलींत लिहिलं जातं, एक भरली की पुढचा नंबर. ते लॉग कागलला जात राहायचे आणि तिथला सर्व्हर ते क्रमाने वाचून तसंच्या तसं आपल्यात उतरवून घेणार. इथलं बंद पडलं की तिथलं चालू. आणि तोवर त्याने नुसतं बसून खाऊ नये म्हणून डॉक्टरांना मोबाइलवर इतिहास दाखवायचं कामही त्याच्याकडेच दिलं; तो बंद असला तरच मोबाइल कोल्हापूरला विचारणार.

योजना चांगली होती. तेच तर दुखणं होतं. वाईट असती तर मी झोपलो असतो.

मंडळाच्या बैठकीत तिने ती मांडली तेव्हा अध्यक्ष हंबीरराव आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे आता नृसिंहानं खांदा द्यायचं काम संपलं म्हणा की!" सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

मला तिचा हेवा वाटत होता. सरळ सांगतो. तिच्या वयाचा, तिला येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा, तिला कपबशीतून येणाऱ्या चहाचा (मला अजून काचेच्या ग्लासात यायचा), एवढंच काय, तिच्या अक्षराचासुद्धा. विभागप्रमुखाची जागा दिवाळीत रिकामी होणार होती. एकोणीस वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत होतो आणि आता सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते.

यंत्रणा बसल्यावर तिने चाळीस पानांची एक वही छापून सगळ्यांना वाटली. काय बिघडलं तर काय करायचं, त्याची. मी ती खणात टाकली आणि वर जेवणाचा डबा ठेवायला लागलो. एकदाही उघडली नाही. पोरीकडून शिकायचं म्हणजे!

माझी एक जुनी सवय होती. मुख्य सर्व्हरवरच्या लॉगची दर तासाला एक प्रत मी एका बाहेरच्या डिस्कवर आपोआप उतरवून घेत असे. पुराच्या आधीपासूनची सवय. अवंतिकाने पहिल्याच आठवड्यात ती डिस्क बघितली आणि विचारलं, "हे कशासाठी सर?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"असं होय," म्हणाली आणि डायरीत काहीतरी लिहिलं. मी ओळखलं की ही आता बंद करायला सांगणार. म्हणून डिस्क कपाटातल्या तिसऱ्या खणात, फायलींच्या मागे सारली, वायर कपाटामागून घेतली आणि गप्प राहिलो.

यंदा खंडेनवमी मंगळवारी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला, अवजाराला कुणी हात लावत नाही. धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून त्याला विसावा देतात. मीही मुख्य सर्व्हरला हार घातला. तो अर्थातच चालू ठेवून, कारण दूध काही थांबत नाही. सकाळी कागलच्या आकारामचा फोन आला होता. आकाराम म्हणजे केंद्रातला देखभालीचा माणूस, कंत्राटावरचा. पूजेचं काहीतरी विचारत होता. मी मॅडमचं नाव काढून त्याला झटकला. थोड्या वेळाने कागलचा सर्व्हर दिसत नसल्याचा मेसेज मोबाइलवर आला. हे मेसेज आधी मला येतात, मी 'पाहिलं' असं दाबलं नाही तरच तिला जातात. सणासुदीच्या दिवशी मला राबवायला तिने केलेली ती व्यवस्था आहे असं माझं मत होतं. कागलची लाइन गेली असेल म्हणून मी 'पाहिलं' दाबलं आणि पुरणपोळी खायला बसलो. अवंतिका दसऱ्याला माहेरी गेली होती.

गुरुवारी ऑफिस उघडलं तेव्हा तिच्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. शनिवारी अकराला संचालक मंडळासमोर रंगीत तालीम होती. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करायचा आणि कागलवर काम चालतं ते दाखवायचं. ते जमलं की खुर्ची तिची, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शुक्रवारी सकाळी आठला कोडोलीहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण बनाबाई. तिची म्हैस नुकतीच व्याली होती.

"नरसू, तुझं ते कम्पुटर येडं झालंय काय रं?" अक्काला फोनवर बोलताना फोनची गरज नसते, कोडोलीहून नुसती ओरडली तरी ऐकू येईल. "पाटंला पाचला डाक्टर आलतं. म्हस थंड पडलीती, कॅल्शियमची बाटली लावून गेलं. साडेसातला पाळी बदलली आन् दुसरं आलं, कवळं पोरगं. फोन बघून म्हनतंय, मावशी, हिला काय दिल्यालं दिसत न्हाय, बाटली लावतो. मी हात धरला त्येचा. म्हनलं, लाव बघू कशी लावतोस!"

कॅल्शियमची बाटली थेट शिरेतून देतात. लागोपाठ दुसरी दिली तर जनावराचं काळीज बंद पडू शकतं.

"दिली नाही ना?"

"दिली आस्ती तर तुला फोन केला आस्ता व्हय? घरलाच आले आस्ते, काठी घेऊन."

ऑफिसात जाऊन मी आधी मुख्य सर्व्हर बघितला. पहाटे पाचची नोंद होती, बाटलीसकट. मग कागलच्या सर्व्हरवर तोच नंबर टाकला. नोंद नव्हती. दसऱ्याच्या दिवशी म्हैस व्याल्याची नोंदसुद्धा नव्हती. तिथे अजून मंगळवार सकाळचे नऊ चाळीस वाजले होते.

अवंतिकाच्या स्क्रीनवर मात्र 'फरक: शून्य'. अर्धा तास डोकं खाजवल्यावर मला ते कळलं आणि खरं सांगतो, मी टेबलावर थाप मारली. तिने फरक मोजला होता तो कागलला मिळालेले लॉग आणि त्यातले उतरवून झालेले लॉग यांच्यातला. मिळेल तेवढं सगळं उतरवून झालं होतं, म्हणून शून्य. पण मिळतच काही नव्हतं! वाढणारा उठून गेला तरी ताट रिकामं म्हणून जेवण झालं असं समजायचं, त्यातली गत. आठ महिन्यांत बाईंची पहिली चूक सापडली होती आणि ती मला सापडली होती.

नोंदी आणखी चाळल्या. कागलचा सर्व्हर ४४१७ नंबरचा लॉग मागत होता. दर पाच सेकंदांनी तोच. मुख्य सर्व्हर दर वेळी सांगत होता की तो आता नाही, कारण तिथे लॉग छत्तीस तासच राहतात, मग पुसले जातात. मधला एक लॉग हरवला की पुढचे हजार समोर आणून ठेवले तरी स्टँडबाय घेत नाही. कागलचा सर्व्हर मंगळवार ते गुरुवार बंद होता हेही दिसलं. का बंद होता ते दिसेना. सगळा डेटाबेस नव्याने कागलला न्यायचा तर त्या लाइनवर वीस तास लागले असते. तालमीला सव्वीस तास होते.

आणि ४४१७ पासूनचे सगळे लॉग माझ्या कपाटात होते.

अशा वेळी भल्या माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत आहे. चार टेबलं ओलांडून जायचं आणि सांगायचं. मी उठलोसुद्धा. ती कुणाशीतरी फोनवर हसून बोलत होती, समोर कपबशी होती. मी परत बसलो.

मग जे सुचलं ते मी लपवत नाही. उद्या अकराला ती सगळ्यांसमोर बटण दाबणार. कागलचा सर्व्हर उठणार आणि मंगळवारची सकाळ दाखवणार. आबा विचारणार, हे काय? तिला सांगता येणार नाही. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी मी उठणार, कारण सांगणार आणि पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवणार. फेटा परत माझा. नुकसान काहीच नाही, नाक तेवढं कापलं जाणार, तेही दुसऱ्याचं.

फक्त सर्व्हर का बंद होता ते कळायला हवं होतं. अर्धवट कारण सांगून हसं करून घेण्यात अर्थ नव्हता. म्हणून दुपारी दोनला, डिस्क पिशवीत घालून, डॉक्टरकडे जातो सांगून मी मोटरसायकलला किक मारली आणि कागलला निघालो.

हायवेवर एकच गोष्ट मला टोचत होती. कोडोलीत अक्का होती, म्हणून हात धरला. प्रत्येक गोठ्यात अक्का नसते. उद्या अकरापर्यंत आणखी किती डॉक्टर मंगळवार सकाळचा इतिहास बघून सुई काढणार होते? मी स्वतःला म्हणत होतो, एका दिवसाने काय होतंय. गोकुळ शिरगाव गेलं तरी तेच म्हणत होतो.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर सर्व्हरची खोली. दाराशीच आकारामने मला अडवलं. साठीचा माणूस, अंगात खाकी, कपाळाला अष्टगंध.

"सर, तेवढ्या चपला भाईर काढा."

"चपला?"

"मशीन हाय की आत."

आत गेलो. स्टँडबायच्या तोंडावर हळदकुंकवाची बोटं ओढली होती. वरून झेंडूचा हार सोडला होता, आता सुकलेला. दिव्यांच्या फटीत आपट्याचं पान खोचलं होतं. मला सगळं एका क्षणात कळलं.

"आकाराम, हा खंडेनवमीला बंद केलता का तुम्ही?"

"व्हय की." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "मी वीस वर्सं शिरोलीला लेथवर हुतो. नवमीला मशीन बंद म्हंजे बंद, मग मालक येऊ दे न्हाय तर मंत्री. ह्ये बिचारं रातंदिस जागं आसतंय. कोल्हापूरचं मशीन लिवतंय आन् ह्ये नुस्तं वाचतंय. म्हनलं, दोन दिस इसावा दिला तर कुनाचं काय अडतंय? गुरवारी सकाळी नारळ फोडला आन् चालू केलं. काय चुकलं का सर?"

मला हसू यायला हवं होतं. उद्या मंडळासमोर सांगायला याहून रंगतदार कारण मिळणार नव्हतं.

"कुणाला विचारून बंद केलं?"

"तुमास्नीच की!"

"मला?"

"फोन केल्ता न्हाय का मंगळवारी? म्हनलं, सर, मशीनला इसावा देऊ का? तुमी म्हनला, मला काय इचारता, तुमच्या मॅडमचं मशीन हाय, करा काय करायचं त्ये."

माझ्या कानात माझाच आवाज आला. शब्द न् शब्द बरोबर होते, वर स्वरसुद्धा तसाच.

"मग मॅडमना का नाही विचारलं तुम्ही?" मी खेकसलो. चूक सापडली की माणूस आवाज चढवतो, मीही चढवला.

आकारामने भिंतीकडे बोट केलं. तिथे वहीतलं एक पान प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलं होतं. त्यालाही हळदकुंकू लागलं होतं. "वाचाय सावकाश येतंय मला. पर पयलं नाव तुमचं हाय बघा."

ते पान एकतीस होतं. मी उभ्या उभ्या वाचलं.

'काहीही अडलं तर पहिला फोन: नृसिंह सर. दुसरा फोन: अवंतिका. कारण मूळ यंत्रणा त्यांनी लिहिली आहे. मला अंदाज करावा लागतो, त्यांना माहीत असतं.

लॉगमध्ये खंड पडला तर: मुख्य सर्व्हरवर लॉग छत्तीस तासच राहतात. त्याआधीचे सर्व लॉग नृसिंह सरांच्या कपाटात, तिसऱ्या खणात, फायलींच्या मागे काळ्या डिस्कवर आहेत. सर दर तासाला प्रत काढतात. ही डिस्क आहे म्हणूनच मुख्य सर्व्हरवर जास्त दिवसांची जागा मागितलेली नाही. सरांची ही सवय कुणीही मोडू नये.'

आधी मला संताप आला. माझं गुपित कागलच्या भिंतीवर, हळदकुंकू लावून! मग मी ते पुन्हा वाचलं. आठ महिने जी डिस्क मी तिच्यापासून लपवत होतो, त्याच डिस्कवर भिस्त ठेवून तिने सगळं घर बांधलं होतं. पाया म्हणून मला घातलं होतं आणि मी तिच्या वहीवर डबा ठेवून जेवत होतो. तोंडात मारल्यासारखं झालं. आणि एवढं होऊनही मनात पहिलं आलं ते हेच, की हे पानसुद्धा तिने किती नीट लिहिलंय.

"सर, पानी देऊ का?" आकाराम म्हणाला.

पाणी प्यालो आणि पिशवीतून डिस्क काढली. लॉग कागलच्या सर्व्हरवर योग्य जागी उतरवले, त्याला कुठे शोधायचं ते सांगितलं आणि बघत बसलो. पाच सेकंदांनी त्याने सवयीने ४४१७ मागितला आणि या वेळी तो मिळाला. मग ४४१८. मग ४४१९. मंगळवार दुपार झाली, दसरा उजाडला, कोडोलीत अक्काची म्हैस व्याली. सव्वा तासात शुक्रवारची पहाट आली आणि पाच वाजताची कॅल्शियमची बाटली पडद्यावर उमटली. माझ्याकडचे लॉग संपले तसे त्याने पुढचे थेट कोल्हापूरहून घ्यायला सुरुवात केली.

मी अवंतिकाला फोन लावला. आकारामने खंडेनवमीला मशीन बंद ठेवल्याने स्टँडबाय तुटला होता, फरक ती चुकीचा मोजत होती, लॉग मी भरले, सगळं सांगितलं.

"म्हणजे दोन दिवस डॉक्टर लोक जुनंच बघत होते," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मिळालेलंच मोजत बसले मी. साधी गोष्ट आहे की हो सर." मग म्हणाली, "बरं झालं तुम्ही पान एकतीस वाचलेलं होतं."

"हो," मी म्हणालो.

"पण मशीन बंद करताना आकारामनी तुम्हाला फोन नाही केला का?"

आकाराम समोरच होता, सुकलेला हार हलक्या हाताने उतरवत होता.

"नाही बुवा," मी म्हणालो. "लागला नसेल."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ऐकलं मात्र असणार, खोली तेवढीच होती. निघताना त्याने मला चहा पाजला. मी तो मूग गिळून प्यालो.

शनिवारी अकराला मुख्य सर्व्हर बंद केला. चाळीस सेकंदांत कागल उभं राहिलं. एका संचालकाने स्वतःच्या गाईचा नंबर टाकून बघितला, सगळं जागच्या जागी. टाळ्या झाल्या. मी म्हटलं, झालं, खुर्ची गेली.

पण अवंतिका बसली नाही. "आबा, एक सांगायचंय," ती म्हणाली. "काल दुपारपर्यंत हे तुटलेलं होतं. फरक मी चुकीचा मोजत होते. आणि खंडेनवमीला लोक मशीन बंद ठेवतात, हे मी इथली असून धरलंच नव्हतं. आज जे दिसलं ते नृसिंह सरांमुळे. त्यांनी जपलेले लॉग नसते तर आज माझी फजिती होती."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आबा मोठ्याने म्हणाले, "बघा! नृसिंहाचा खांदा अजून दमला न्हाय!" पुन्हा टाळ्या. आठ महिने मी ज्याच्यासाठी जळत होतो ते माझ्या पुढ्यात आलं होतं आणि तेसुद्धा तिनेच वाढलं होतं. एवढं मोठं मन मला असतं तर, असा हेवा मला तिथे बसल्याबसल्या वाटला. नवाच हेवा होता, पण हेवाच.

"ते ऱ्हाऊ दे," एक संचालक म्हणाले, "पर मशीन बंद केलं कुनी? कागलचा त्यो कंत्राटी माणूस ना? न इचारता बटण बंद करतोय म्हंजे काय? सोमवारपासनं नगं म्हणून सांगा त्येला."

दोघातिघांनी माना डोलावल्या. अवंतिका म्हणाली, "त्याने सरांना फोन करून बघितला असणार. लागला नाही." म्हणजे माझं खोटं तिने तसंच पुढे नेलं होतं, आणि तेही आकारामला वाचवायला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. मी उठलो.

"फोन लागला होता," मी म्हणालो. "मी घेतला होता. त्यानं विचारलं, बंद करू का. मी म्हणालो, करा काय करायचं ते. नंतर मेसेज आला तोही मीच दाबून टाकला. आणि काल सकाळी मला सगळं कळलं तरी दुपारपर्यंत मॅडमना सांगितलं नाही. आकारामची काही चूक नाही."

आबांनी चष्मा काढला.

"आरं, पर का?"

एकोणीस वर्षं त्या खोलीत मी नीट छापील मराठी बोलत आलो होतो. त्या वेळी जमलं नाही.

"हेवा वाटत हुता, आबा. मॅडमचा."

कुणी हसलं नाही. अवंतिका समोरच्या कागदाकडे बघत राहिली. आबांनी चष्मा पुन्हा लावला आणि एवढंच म्हणाले, "बस खाली."

दिवाळीत खुर्ची तिला मिळाली. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फायलीत आहे. आकाराम कागलला आहे. अवंतिका माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि तिचं काही चुकत नव्हतं. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. स्कूटरचा आवाज आला की अजून आत काहीतरी हलतं. म्हण मात्र म्हणायचं सोडलं आहे.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नवी सुधारलेली वही माझ्या टेबलावर आली. डबा बाजूला ठेवून मी आधी पान एकतीस काढलं. माझं नाव तिथून उडालं असणार याची मला खात्री होती. फरक मोजायची रीत बदलली होती. खाली एक नवी ओळ होती: 'खंडेनवमीला हार घालावा, बटण बंद करू नये.' आणि सगळ्यात वर, होतं तिथेच, 'पहिला फोन: नृसिंह सर.' नंबर माझाच आहे का ते मी दोनदा ताडून बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला. कागलहून.

"सर, आकाराम बोलतोय. उद्या लक्ष्मीपूजन हाय. म्हनलं, इचारावं. मशीनचं काय करू?"

चार टेबलांपलीकडे अवंतिकाने मान वर केली होती.

"बटणाला हात लावू नका, आकाराम," मी म्हणालो. "हार आणून ठेवा. पूजेला मी येतो."